बेळगाव भागातल्या लॉजमालकांना खुले पत्र : पाहुणा गावी गेला म्हणून तक्रार मिटत नाही

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, सौंदत्ती भागातले समस्त लॉज, हॉटेल आणि होमस्टे मालक

प्रत माहितीसाठी : आयुक्त, महानगरपालिका, बेळगाव

विषय : ढेकूण

सप्रेम नमस्कार.

विषयाच्या ओळीत एकच शब्द आहे म्हणून हसू नका. मी बेळगावात एका वकिलांच्या ऑफिसात पंचवीस वर्षं टायपिंग करते. वाटणीचे दावे, चेक बाउन्स, पोटगी, भाडेकरूला काढायच्या नोटिसा, सगळं याच बोटांखालून गेलंय. ढेकणांची नोटीस मात्र यंदा पहिल्यांदा टाईप केली, आणि तीही माझ्या सख्ख्या आत्यासाठी.

गेल्या वैशाखात धाकट्या भावाचं लग्न झालं. शहापुरातलं आमचं घर म्हणजे खाली दोन खोल्या आणि वर माडी. गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडची माणसं आली की आजवर माडीवर सतरंज्या अंथरायच्या आणि मिळेल त्या जागेत आडवं व्हायचं, असाच रिवाज. यंदा म्हटलं माणसं थकली, उकाडा मरणाचा आहे, लॉजवर उतरवूया. बसस्टँडपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी दोन रात्रींसाठी सहा खोल्या घेतल्या. पैसे मी भरले. लॉजचं नाव लिहीत नाही. एक तर प्रकरण अजून नोटिशीवर आहे, आणि दुसरं म्हणजे हे पत्र त्या एकट्याला लिहिलेलं नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी आत्या चहाला आली ती बाही वर करूनच. "बघ की गं, काय उठलंय हे." मनगटापासून कोपरापर्यंत चार लाल गांधी, धावदोऱ्याच्या टाक्यांसारख्या एका रांगेत. तिच्या चार वर्षांच्या नातीची मान तर भाजल्यासारखी झाली होती आणि एक डोळा सुजून अर्धा मिटला होता. हळदीच्या एकूण एक फोटोत ती पोर आईच्या पदराआड आहे.

काउंटरवरचा मॅनेजर म्हणाला, "डास असणार ओ ताई, खिडकी उघडी टाकली असेल." मी खोलीत गेले. गादी उभी केली, कडेची शिवण बोटांनी उलटली आणि मोबाईलचा उजेड टाकला. पेनातून शाई ठिबकावी तसे काळे ठिपके, आणि मधे मधे कांद्याच्या सालीसारखी पातळ, पिवळट कात. मग पलंगाकडे वळले. डोक्याकडच्या लाकडी सांध्यात जुन्या पेपरची घडी घट्ट कोंबलेली होती. ती ओढून काढली तेव्हा चार-पाच ढेकूण लगबगीनं आत पळाले. एक सापडला, तो कुंकवाच्या प्लॅस्टिकच्या डबीत घातला.

ही कागदाची घडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डबी काउंटरवर ठेवली. आधी "तिगणे इल्ला मॅडम", म्हणजे ढेकूण नाहीतच, असं कन्नडात झालं. मग झाकणातून तिगणे चालताना दिसला, तेव्हा शेजारची खोली मिळाली. जाताना मॅनेजर जे बोलला त्यासाठी हे पत्र लिहायला घेतलंय. म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." म्हणजे थोडं सांभाळून घ्या. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे." रात्री साडेबाराला वहिनीचा फोन आला, शेजारच्या खोलीतही तेच.

एका रात्रीचा प्रश्न. बंधूंनो, तुमचा अर्धा धंदा या वाक्यावर उभा आहे. तुमच्याकडे उतरतो कोण? दवाखान्यात पेशंट दाखल केलेला कोकणातला माणूस, सौंदत्तीच्या यल्लमाला निघालेली कोल्हापूरची बाया-माणसं, कोर्टाच्या तारखेला आलेला, परीक्षेला आलेला, लग्नाला आलेला. एक-दोन रात्री काढायच्या आणि सकाळची गाडी धरायची. खाजत खाजत घरी पोचतो, चार शिव्या घालतो, विसरतो. त्यातून तो सीमेपलीकडचा असला तर तुम्ही अगदीच निर्धास्त, की हजार-बाराशे रुपयांसाठी निपाणी ओलांडून परत कोण येतंय?

आता कोणाला यावंच लागत नाही.

१९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्यात तक्रार लॉज जिथं असेल किंवा घटना जिथं घडली असेल तिथंच करावी लागे. म्हणजे गडहिंग्लजच्या माणसानं बेळगावला खेटे घालायचे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आला, २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच्या ३४ व्या कलमानं हे उलटं केलं. तक्रारदार जिथं राहतो किंवा पोटापाण्याचा उद्योग करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होते. माझ्या आत्याचा आयोग कोल्हापूरचा. सावंतवाडीच्या माणसाचा सिंधुदुर्गाचा. लॉज बेळगावात असला तरी नोटीस त्या जिल्ह्यातून येणार आणि खेटे घालायची पाळी आली तर ती तुमची. व्हिडिओवरून हजर राहण्याची परवानगी मागता येते, तेवढा दिलासा दोन्ही बाजूंना आहे.

राहण्या-जेवणाची सोय ही 'सेवा' आहे असं या कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय, त्यामुळे "आम्ही फक्त खोली दिली" ही पळवाट बंद. "बिल तुमच्या नावावर, तक्रार आत्याची कशी?" हे मला मॅनेजरनं विचारलं होतं, आणि प्रश्न वाईट नाही. पण पैसे देणाऱ्याच्या संमतीनं जो सेवा घेतो तोही ग्राहक. लग्नघरानं खोल्या घेतल्या, पाहुणे झोपले, तर दोघेही ग्राहक. मुलानं दवाखान्याजवळ ठेवलेली आईही याच हिशेबात बसते.

फीबद्दल सांगते. आयोग पाहतो ती सेवेसाठी मोजलेली रक्कम, आणि ती पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. लॉजच्या खोलीत पाच लाख कोण मोजतंय! मुदत घटनेपासून दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही (साहेब, माफ करा, पण खरं ते खरं). तक्रार ऑनलाइन भरता येते, पूर्वी ई-दाखिल होतं, आता ई-जागृती आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर पुष्कळदा प्रकरण तिथंच मिटतं. नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला उत्तराला तीस दिवस, आयोगानं दिले तर वर पंधरा. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. तारखा लांबतात हे मी रोज बघते. पण लांबणारी तारीख तुम्हालाही पडतेच की.

आता तुमची बाजू. ती मला तोंडपाठ आहे, कारण आमच्या नोटिशीला आलेल्या उत्तरात ती सगळी होती.

ढेकूण पाहुण्यानंच आणला असेल, हे पहिलं. शक्य आहे. ढेकूण उडत नाही. तो बॅगेच्या कडेनं, अंथरुणाच्या घडीतून येतो आणि स्वच्छ हॉटेलातही येतो. ढेकूण निघाला म्हणजे लॉज घाणेरडा, असं मी म्हणत नाही आणि आयोगानंही म्हणू नये. विचारायचं ते एवढंच की कळल्यावर तुम्ही काय केलंत. ठिपके आणि काती एका रात्रीत साठत नाहीत. पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी त्याला रक्त लागतं, म्हणजे तिथं कितीतरी पाहुणे आधी झोपून गेले. आणि ती पेपरची घडी? ढेकूण दिसल्याशिवाय पलंगाच्या सांध्यात कागद कोणी कोंबत नाही. तुमच्याच माणसानं कधीतरी पाहिलं, भोक बुजवलं, चादर टाकली आणि खोली पुन्हा भाड्यानं दिली. कायद्याच्या भाषेत ही सेवेतली त्रुटी. आमच्या भाषेत याला दुसरा शब्द आहे, तो वकिलांच्या ऑफिसातून लिहिता येत नाही.

दुसरं, "गांधी घरी गेल्यावर उठल्या, म्हणजे घरीच चावलं." काहींच्या अंगावर खूण तासाभरात उठते, काहींच्या दोन-चार दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा. म्हणून पाहुण्यांना माझं सांगणं असं की नुसता हात दाखवून भागत नाही. गादीच्या शिवणीचा, सांध्याचा, खोलीच्या नंबरासकट फोटो घ्या. ढेकूण डबीत धरा किंवा पारदर्शक चिकटपट्टीखाली दाबा. तिथंच, त्याच दिवशी, मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅप करा, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'कीटकदंश' आणि तारीख लिहून घ्या. मूळ फोटो फोनमधून पुसू नका, कारण असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र, म्हणजे फोटो कुठल्या फोनमधला आणि कसा घेतला याचा दाखला, जोडावं लागू शकतं. बॅग घरात नेण्याआधी कपडे कडकडीत पाण्यात बुडवा. आत्यानं बुडवले नाहीत. पंधरा दिवसांनी तिच्या घरी शिसवी पलंगात ढेकूण निघाले. तिच्या लग्नातला पलंग, तो अंगणात काढून उकळत्या पाण्यानं धुवावा लागला आणि त्याचं पॉलिश गेलं. घरच्या फवारणीचा खर्चही आम्ही मागितलाय. पलंगाचं काय मागायचं ते आत्याला ठरवता आलं नाही, म्हणून तो रकाना कोरा आहे.

तिसरं म्हणजे बोर्ड. "व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही." तुमच्या काउंटरमागे देवाच्या फोटोशेजारी तो असतोच. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलातून १९९८ मध्ये पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती. चावी हॉटेलच्या माणसाकडे दिलेली, आणि पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला असल्या छापील ओळीनं झटकता येत नाही. प्रकरण गाडीचं होतं, ढेकणांचं नव्हतं. पण तुमच्या बोर्डाचं वजन किती, हे त्यावरून कळतं.

चौथं, बिलच नाही. खोलीचे पैसे रोख घेतले, वहीच्या फाटक्या चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला, आता कसं सिद्ध करणार? सेवा दिल्यावर बिल न देणं हीच नव्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे एका तक्रारीच्या जागी दोन. शिवाय तुमच्या रजिस्टरात पाहुण्याची सही आणि आधारची झेरॉक्स असते, ती आयोग मागवू शकतो.

बुकिंग अ‍ॅपवरून झालं असेल तर अ‍ॅपलाही सोडायचं कारण नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात तक्रार मिटवायची. आपल्याच राज्यात मंगळूरहून बेंगळूरला जाणाऱ्या खासगी बसमध्ये एका जोडप्याला ढेकूण चावले होते. दक्षिण कन्नड जिल्हा आयोगानं बसवाल्याला आणि तिकीट विकणाऱ्या वेबसाइटला मिळून सव्वा लाखाच्या वर भरपाई द्यायला लावली. ती एका रात्रीची बस होती. तुमची तर खोली आहे.

सगळ्यांनाच लाख मिळतील असं मात्र मी कोणाला सांगत नाही, आणि सांगणाऱ्या वकिलापासून सांभाळून राहा. खोलीचं भाडं, औषधाचा खर्च, धुलाई-फवारणी, त्रासापोटी काही हजार आणि तक्रारीचा खर्च, एवढी अपेक्षा रास्त. आदेश होऊनही पाळला नाही तर ७२ व्या कलमाखाली किमान एक महिन्याची कैद किंवा पंचवीस हजारांपासून दंड होऊ शकतो, हे मात्र तुमच्या माहितीसाठी.

जेवणात झुरळ किंवा उंदराची लेंडी निघाली तर तो वेगळा रस्ता. तिथं २००६ चा अन्न सुरक्षा कायदा लागतो, घाणीत अन्न बनवल्याबद्दल लाखापर्यंत दंड आहे आणि खाणाऱ्याला इजा झाली तर भरपाईही. लॉजला जोडून खानावळ असणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावं. पलंगाशी मात्र अन्न खात्याचा संबंध नाही, तिकडे ढेकणांची तक्रार नेऊ नका.

आता जरा आयुक्तसाहेबांशी बोलते. साहेब, लॉजचा परवाना तुमच्या खात्यातून जातो. परवाना नूतन करताना फीची पावती बघितली जाते, गादी उलटून कोणी बघतं का? दरवर्षी सुवर्ण विधानसौधचं अधिवेशन भरलं की शहरात खोली मिळणं मुश्किल होतं. एखाद्या वर्षी आमदारांना बसस्टँडमागच्या लॉजात उतरवा, तपासणीची मोहीम आठवड्यात निघेल. उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश काढण्याचे अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात जिल्हाधिकारी आणि प्रांतांनाही आहेत. जुन्या फौजदारी संहितेत ते १३३ वं कलम होतं. आणि ही प्रत मराठीत आहे म्हणून टपालात बाजूला पडू नये. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमानं दिलाय. कन्नड भाषांतर हवं असेल तर मी स्वतः टाईप करून देईन, पान फुकट.

मालकहो, एका गोष्टीची मला ढेकणांपेक्षा जास्त धास्ती आहे. हे पत्र वाचून उद्या कोणीतरी घाईघाईनं दुकानातून गोळ्या आणेल. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या, धान्यात ठेवतात त्या. दमट हवेत त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, बंद दारांच्या फटीतून शेजारच्या खोलीत शिरतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. घरात, लॉजात त्या वापरायच्या नसतातच. ढेकूण चावल्यानं रोग पसरत नाही, गोळीनं जीव जातो, आणि मग प्रकरण ग्राहक आयोगात राहत नाही. न्याय संहितेची कलमं लागतात आणि पोलीस येतात. परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाला बोलवा. ज्या खोलीत सापडले ती बंद ठेवा, डावी-उजवीकडची, वरची-खालची खोलीही तपासून घ्या, आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फवारणी करा, कारण अंडी पहिल्या फवारणीला दाद देत नाहीत. पावत्या फाईलला लावा. उद्या कोणी खोटी तक्रार केली तर हीच फाईल तुम्हाला वाचवेल. खोटी तक्रार करणारेही आहेत, भाडं बुडवायला घरून काडेपेटीत ढेकूण आणणारा एक महाभाग आमच्या ऑफिसच्या पायऱ्या चढून गेलाय. साहेबांनी त्याला चहा न पाजता परत पाठवलं.

खानापूरकडच्या होमस्टेवाल्यांसाठी दोन ओळी. जांबोटी, कणकुंबीच्या रानात साप-विंचू असणारच, ते दिसले म्हणून तुमच्यावर दावा टिकायचा नाही. पण दाराखाली चार बोटं फट, न्हाणीकडे जाताना दिवा नाही आणि रात्री गाडी मिळेल का याचा पत्ता नाही, हे रानाच्या माथी मारता येणार नाही.

आमच्या नोटिशीत मागणी साधी आहे. दोन रात्रींचं सहा खोल्यांचं भाडं परत, पोरीच्या दोन वेळच्या डॉक्टरांचे पैसे, घरच्या फवारणीचं बिल आणि पेस्ट कंट्रोल केल्याच्या पावतीची झेरॉक्स. ही शेवटची मागणी आत्याची. मी म्हटलं, झेरॉक्स घेऊन काय करतेस? म्हणाली, "त्या पलंगावर आज कोण निजलं असंल की." उत्तरात बाकी सगळं नाकारलंय, झेरॉक्सबद्दल चकार शब्द नाही. तक्रारीचा मसुदा तयार आहे, आत्याची सही झाली की कोल्हापुरात दाखल होईल.

कुंकवाची डबी माझ्या टेबलाच्या खणात आहे. आत्या बारशाला येणार आहे, आणि माडीवरच्या सतरंज्या उन्हात घालून ठेव म्हणून तिचा निरोप आलाय.

आपली,
शहापूर, बेळगाव येथील एक टायपिस्ट